वहीतली रिकामी जागा

अहो,

नुसतं 'अहो' लिहिलं आहे. चाळीस वर्षं तेवढ्यावर आपला संसार झाला, तेव्हा पत्रालाही तेवढं पुरेल असं वाटलं.

दुपारचे तीन वाजलेत. दारातल्या तिण्णैच्या ओट्यावर बसले आहे, शेजारी फिल्टर कापीचा पेला-डबरा, मांडीवर वही. आज सकाळी आपल्या तंजावूरच्या मोठ्या देवळात, तुमच्या त्या भिंतीपाशी, मी इंग्रजीत बोलले. हो, इंग्रजीत! तुमच्या बायकोनं! वीसेक माणसं उभी राहून ऐकत होती. घरी आले, पायांवर पाणी घेतलं, आणि पहिली आठवण झाली ती आपल्या लेकीची, सुधाची नाही, शेजारच्या कमलाबाईंची नाही, तुमची. ही बातमी दुसऱ्या कुणाला आधी कशी सांगू?

तुम्हाला बाळबोध अक्षर वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. लिहून झालं की फोटोपुढे बसून मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. 'बरं बरं' म्हणत चपला घालून मध्येच निघून जायची सोय आता तुम्हाला नाही.

सुरुवात भांडणापासूनच करते. ते तेव्हा झालंच नव्हतं, मनातच राहिलं.

आठवतंय? सुधा तेव्हा शाळेत होती. प्रदोषाला मी देवळात आले होते आणि ओवरीत भोसल्यांच्या त्या मराठी लेखाच्या भिंतीपुढे तुम्ही सात-आठ परदेशी माणसांना काहीतरी सांगत होतात. हात काय हलत होते, मान काय डोलत होती! एक गोरी बाई तर डोळे पुसत होती. मी खांबाआड उभी राहून पाहिलं. कळलं एक अक्षर नाही, पण इतका अभिमान वाटला की प्रदक्षिणा एक जास्त घातली. घरी आल्यावर विचारलं, "काय सांगितलंत हो त्यांस? ती बाई कां रडत होती?"

तुम्ही छत्री खुंटीला लावलीत आणि म्हणालात, "इंग्लिशांत आहे गं ते. तुज कळायचं नाही."

बस, एवढंच. तुम्ही जेवायला बसलात, आंबट भाजी दोनदा मागून घेतलीत. तुमच्या लेखी तो विषय तिथं संपला. माझ्या लेखी तो पंचवीस वर्षं संपला नाही.

कारण त्या भिंतीवरचं जे तुम्ही जगाला सांगत होतात, ते तुम्हाला कोण वाचून दाखवत होतं? तुमचं शिक्षण सगळं तमिळमधून. आपल्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण बाळबोध वाचणारी माणसं बोटांवर मोजावी. माझ्या वडिलांनी, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकुनी करून दमलेल्या त्या माणसानं, दर रविवारी सकाळी आम्हां पाचही भावंडांना पाटीवर बाळबोध गिरवायला लावलं. पुण्याहून पोस्टानं पुस्तकं मागवली. म्हणून मी हे असं लिहू शकते. आणि तुम्ही? तुम्ही त्या भिंतीवरच्या ओळी चित्रासारख्या कागदावर उतरवून आणायचात. मी डोशाचं पीठ कालवता कालवता त्या वाचायची, अर्थ सांगायची, त्याला माझ्या वडिलांकडून ऐकलेल्या चार गोष्टी जोडायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सगळं घेऊन कामावर! तंजावूर दाखवणारा उत्तम गाइड म्हणून तुमचं नाव झालं. आणि जिनं वाचलं, तिला कळायचं नाही!

असो. राग आला होता, तो लिहिला. आता पुढचं ऐका.

तुम्ही गेलात त्याला या आडी महिन्यात दोन वर्षं झाली. वर्षश्राद्ध झाल्यावर सुधा कोइंबतूरला परत गेली आणि मी तुमचं कपाट आवरायला घेतलं. खालच्या खणात काय सापडलं? माझा मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा! जो हरवला म्हणून मी बिचाऱ्या कामवालीवर संशय घेतला, तो झाकणाचा मोठा डबा! तुम्ही कधी उचललात तो? उघडला तर आत मुरुक्कू कुठली, पत्रं होती. बर्फाची चित्रं, तळ्यांची चित्रं, लाल बसची चित्रं, आणि मागे सगळं इंग्रजी, जोडून लिहिलेलं. आठवीपर्यंत शिकलेली बाई मी. बसवरची इंग्रजी पाटी मला वाचता येत होती, पण ही अक्षरं एकमेकांचा हात सोडायलाच तयार नव्हती.

सुधाला फोन केला. ती आपली नेहमीसारखी, मी मराठीत विचारायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं. म्हणाली, पुढच्या वेळी येईन तेव्हा सावकाश वाचून दाखवते. पुढच्या वेळी आली तेव्हा तिचं ऑफिसचं काम तिच्याबरोबरच आलं होतं. मी डबा पुढे केला नाही. माझ्याच घरातली पत्रं, माझ्याच डब्यातली, आणि ती वाचून घेण्यासाठी मी कुणाची सवड बघत बसू? नवऱ्यापुढे गप्प बसले, आता मुलीपुढेही?

दुसऱ्या दिवशी जुन्या बसस्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माडीवर गेले. तिथं मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो, अगदी पहिल्यापासून. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते साडेपाच. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी वही, पेन आणि पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसले. सुधाला कळलं तेव्हा चक्क मराठीत ओरडली, "अय्यो आई, आत्तां कशाला तुज हे?" मी म्हटलं, "आत्तां नाही तर कधी गं?"

शिकवायला एस्तर टीचर. सुधाहून लहान, पण डोळे वटारले की आम्ही सगळे म्हातारे सरळ बसतो. माझ्या शेजारच्या बाकावर सेल्वराज, बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. आवाज असा की अजूनही मागच्या दारापर्यंत पोचावा. त्यांना सिंगापूरच्या जावयाशी बोलायचं आहे. 'काय बोलणार?' विचारलं तर म्हणाले, 'आधी भांडण, मग बाकीचं.'

आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती! धडा होता कुटुंबाची ओळख. एकेकानं उभं राहायचं. माझं नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं. मग टीचरनी विचारलं, नवऱ्याचं नाव?

आता काय करू? आमच्या घरी आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नाही, मी तुमचं घेतलं नाही. लग्नात आग्रह करकरून घ्यायला लावलं, तेव्हा घेतलं ते शेवटचं. रेशन कार्डाच्या वेळी तुम्ही बरोबर होतात, दवाखान्यात सुधा होती. तुमच्या मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा मी कागदावर बोट ठेवलं होतं, तोंडानं नव्हतं सांगितलं. मी वहीचं पान उलटलं. टीचरना वाटलं मला वाक्य येत नाही, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. 'माय हज्बंड्स नेम इज' आणि पुढे रेघ. सेल्वराज तमिळमध्ये हळूच म्हणाले, "अम्मा, विसरलात काय?"

"विसरेन कशी? घेत नाही."

वर्गात हशा. मग मी खूण दिली. म्हटलं, तिरुपतीला डोंगरावर रांगेत सगळे जे ओरडतात ना, ते. झालं, सगळा वर्ग कोडं सोडवायला लागला! एक म्हणाली वेंकटेशन. एक म्हणाला बालाजी. एक म्हणाली एळुमलै. मी आपली मान हलवते आहे, नाही, नाही. शेवटी सेल्वराज उठले, दोन्ही हात डोक्यावर जोडले, आणि तिरुपतीच्या रांगेत देतात तशी तुमच्या नावानं आरोळी ठोकली. आणि सवयीनं अख्ख्या वर्गानं मागून तेच नाव दिलं! खाली टायपिंग करणाऱ्या मुली जिन्यात येऊन बघायला लागल्या.

तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. दोनदा आपण तिरुपतीला गेलो, दोन्ही वेळा हजारो माणसं गजर करत होती आणि मी एकटी ओठ घट्ट मिटून उभी. तुम्ही मुद्दाम माझ्या कानाशी येऊन म्हणायचात, "ओरड की गं! देव काय म्हणेल?" आठवतंय ना?

एस्तर टीचर मात्र हसल्या नाहीत. माझ्या वहीत ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं, पुढची रेघ मोकळी ठेवली, आणि म्हणाल्या, "जागा राहू दे, अम्मा. येईल तेव्हा भरा."

मग शिकले हो. रडतखडत नाही, चांगली शिकले! दारावर, शिंक्यावर, तांदळाच्या डब्यावर इंग्रजी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कमलाबाई आल्या की त्यांना 'सिट डाउन' म्हणायची. त्या आधी घाबरल्या, मग रोज येऊन उभ्याच राहायला लागल्या, मी म्हणेपर्यंत. चार महिन्यांनी टीचरनी जोडून लिहिलेली अक्षरं सोडवायला शिकवलं. त्याच दिवशी घरी येऊन मी डबा उघडला.

पहिलं पत्र घेतलं, बर्फाच्या डोंगराचं. बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. तुमचे आभार होते. देवळाबद्दल काहीतरी होतं. आणि शेवटच्या ओळीत एक शब्द असा आला की मी बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं. माझं नाव होतं.

चुकलं असेल म्हणून दुसरं पत्र घेतलं. त्यातही शेवटी माझं नाव. तिसऱ्यात नव्हतं. चौथ्यात होतं. 'रिगार्ड्स टू जानकी.' जानकीला नमस्कार! मी जमिनीवर ती सगळी पत्रं पसरून बसले. जिला गल्लीच्या पुढे कुणी ओळखत नाही, तिला बर्फाच्या देशातली माणसं नमस्कार कळवतात? आणि तो नमस्कार मला कधी पोचलाच नाही! अहो, तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत. तुमचं आपलं 'अगं' आणि फार तर 'इकडे ये'. मग यांना माझं नाव कुणी सांगितलं?

तुम्हाला विचारायची सोय नव्हती. मग ज्यांना सांगितलं होतं त्यांनाच विचारायचं ठरवलं. एका पत्रावर पत्ता नीट लिहिलेला होता, स्कॉटलंडच्या हेलनबाईंचा. तुमच्या बायकोनं आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र लिहिलं. सात वाक्यं. चार वेळा खरडलं, पाचव्यांदा टीचरना दाखवलं. मी जानकी. माझे पती आता नाहीत. तुम्हाला माझं नाव कसं माहीत? खाली सुधानं दिलेल्या फोनचा नंबर. पोस्टाच्या पेटीत टाकताना पाकीट जरा वेळ हातातच धरून ठेवलं होतं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं, फोनवर. आधी दोन ओळी, तुमच्याबद्दल वाईट वाटलं म्हणून. आणि खाली व्हिडिओ. हेलनबाईंनी पूर्वी आल्या होत्या तेव्हा काढलेला.

सुधा त्या दिवशी घरी होती. म्हणाली, "दे आई, अप्पा काय बोलतात ते मी सांगते."

"नको," मी म्हटलं, "मज कळतंय."

अहो, कळलं! अख्खं कळलं! तुम्ही भिंतीपुढे उभे होतात, पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत ती छत्री. आणि तुमचं इंग्रजी! आयुष्यभर ज्याची मी धास्ती घेतली ते इंग्रजी एवढंच होतं? आमच्या वर्गाच्या पहिल्या वहीत मावलं असतं. एस्तर टीचरनी तर तीन ठिकाणी लाल पेन फिरवलं असतं. मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात तुम्ही भिंतीवर हात ठेवून म्हणालात, मला हे वाचता येत नाही. एक अक्षरही नाही. मी चित्रासारखं काढून घरी नेतो. माझी बायको वाचते. लोक म्हणतात गुड गाइड, गुड गाइड. मी नुसता पोस्टमन.

मग तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहिलंत. "हर नेम इज जानकी."

चाळीस वर्षांत तुमच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, परक्या भाषेत, फोनच्या काचेतून. हेलनबाई कॅमेऱ्यामागून विचारतात, मग त्या इथं का येत नाहीत? तुम्ही हसलात. छत्री या काखेतून त्या काखेत घेतलीत. "आय नेव्हर कॉल हर. माय मिस्टेक."

सुधा रडत होती. मी नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि मग रडले.

का हो? सगळ्या जगाला सांगितलंत, मलाच तेवढं नाही? 'माय मिस्टेक' हे दोन शब्द आपल्या मराठीत म्हणायला किती वेळ लागला असता? आंबट भाजी दोनदा मागायच्या मधल्या वेळात झालं असतं! रागावले आहे मी. आणि इतकी खूश आहे की राग धरून ठेवता येत नाही. तुमच्याकडून माफी मागून झाली नाही, पण मी ती शोधून काढली आणि स्वतः वाचली. ती मला कुणी समजावून सांगितली नाही. हे लक्षात ठेवा.

आता आजची सकाळ. वर्गाचा शेवटचा तास बाहेर घ्यायची टीचरची रीत आहे. प्रत्येकानं एकेक जागा दाखवायची आणि पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. सेल्वराजनी बसस्टँड दाखवलं, कुठली गाडी कुठे लागते सगळं. मी सगळ्यांना मोठ्या देवळात नेलं.

मोरपिशी रेशमी लुगडं नेसले होते, तुम्हाला आवडायचं ते. भिंतीपुढे उभी राहिले आणि पदर खोचून घेतला. समोर माझा वर्ग, टीचर, सुट्टी काढून आलेली सुधा. त्यात कुठल्याशा कॉलेजच्या मुली थांबल्या, दोन परदेशी पाहुणे थांबले, आणि पलीकडे मुंडण केलेले, कपाळाला नाम लावलेले आंध्रातले यात्रेकरू सावलीला बसले होते, तेही माना वळवून बघायला लागले. मी आधी एक ओळ मराठीत वाचली, मोठ्यानं. भोसल्यांच्या वंशाची. मग तीच इंग्रजीत सांगितली. मग पुढची ओळ. ज्या ओळी मी डोशाच्या पिठात हात असताना वाचल्या होत्या, त्या पहिल्यांदा दगडावर वाचत होते. तुम्ही उतरवून आणलेल्या एका ओळीत एक अक्षर चुकलेलं होतं, तेही आज सापडलं!

बोलून झालं. टाळ्या झाल्या. परदेशी पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?

मी म्हटलं, वडिलांनी वाचायला शिकवलं. आणि ही भिंत माझ्या नवऱ्यानं घरी आणून दिली, रोज थोडी थोडी. पाहुण्यानं विचारलं, त्यांचं नाव काय?

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. सेल्वराजनी पाहिलं. सुधा तर पुढेच आली, माझ्याऐवजी सांगायला. मी तिला हातानं मागे सारलं.

"माय हज्बंड्स नेम इज गोविंदराव."

म्हटलं, अहो! पूर्ण म्हटलं! काही झालं नाही. भिंत होती तिथंच होती.

पण सेल्वराजना कुठला धीर! त्यांनी हात डोक्यावर जोडले आणि तो कंडक्टरचा आवाज काढला, "गोविंदा!" वर्गानं मागून दिला, "गोविंदा!" आणि आंध्रातले ते यात्रेकरू, त्यांना काय, ते उठून उभे राहिले आणि त्यांनी असा गजर केला की ओवरीतली पारवी उडाली. शंकराच्या देवळात! नंदीसमोर! देवळातले गुरुजी धावत आले, बघतात तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडते आहे ती आपल्या गल्लीतली जानकीबाई. चाळीस वर्षांचे मिटलेले ओठ, मी कशाला थांबते आता!

घरी येऊन आधी वही काढली. त्या पहिल्या पानावरची रेघ भरली. अक्षर जरा वाकडं आलं आहे.

आता एक वचन देते आणि थांबते, कापी निवून गेली. दर शनिवारी सकाळी मी त्या भिंतीपाशी जाणार आहे. जो थांबेल त्याला वाचून दाखवीन, आणि शेवटी तुमचं नाव सांगीन, तुम्ही माझं सांगत होतात तसं. आणि या पुरट्टासी महिन्यात सुधाला घेऊन तिरुपतीला जाणार आहे. रांगेत उभी राहीन आणि घसा बसेपर्यंत ओरडेन. लोकांना वाटेल, बाई देवाला हाक मारते आहे. वाटू दे. तुम्ही तेवढी ओ द्या.

गोविंदराव, ऐकताय ना?

तुमची,
जानकी

ता. क. मुरुक्कूचा डबा मी परत घेतलेला नाही. पत्रं त्यातच ठेवली आहेत. हेलनबाईंचं वर ठेवलं आहे.